पेटीतला एक आंबा पिकला की बाकीच्यांना कळतं कसं?

तलावपाळीची_ताई | सोमवार, रात्री १०.४०

परवा वाशीच्या मार्केटमधून कच्च्या हापूसची पाच डझनी पेटी आली. आली म्हणजे नवऱ्याने ठाणे-वाशी लोकलमधून मांडीवर घेऊन आणली, आणि तेव्हापासून घरी जो येईल त्याला तो प्रवास सविस्तर ऐकावा लागतोय. असो.

पेटी उघडताच आईने ताबा घेतला. तिची अढी घालायची पद्धत ठरलेली. पलंगाखाली पोतं, पोत्यावर पेंढा, त्यावर एकेक आंबा फिरवून बघत मांडायचा, डागी निघाला तर बाजूला, वर पुन्हा पेंढा. शेवटी मधोमध एक जरा पिवळा पडलेला आंबा. "हा बाकीच्यांना उठवतो," म्हणाली. माझी लेक चिऊ आठवीत आहे. तिने विचारलं, "आजी, त्याला तोंड कुठंय?" आई म्हणाली, "वास आहे ना!"

मी बँकेत आहे, जीवशास्त्र दहावीलाच सुटलं. रात्री शोधाशोध केल्यावर एवढं कळलं की पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्याने शेजारचे पिकतात. पण चिऊ तेवढ्यावर ऐकेना. वायू आलाय हे शेजारच्या आंब्याला कळतं कसं? नाक नाही, मेंदू नाही. तिच्या पुस्तकात 'पेशी रासायनिक संदेश पाठवतात' असं एक वाक्य आहे आणि खाली लगेच स्वाध्याय. संदेश म्हणजे काय, तो कशात लिहिलेला असतो, वाचतं कोण? आपल्या अंगातही हेच चालतं का? जाणकारांनी सांगा. सोपं सांगा, पण खोटं सोपं नको.

गाळा_नंबर_विचारू_नका | सोमवार, रात्री ११.०५

ताई, पेटी कितीला पडली ते लिहिलं नाहीत, बरं केलंत. नाहीतर धागा भावावरच संपला असता.

माझं निम्मं आयुष्य फळ मार्केटात गेलंय. अढी घालायला आता जागा आणि वेळ दोन्ही नाही. रायपनिंग चेंबरमध्ये पेट्या लावायच्या, तापमान आणि दमटपणा धरून ठेवायचा आणि इथिलीन सोडायचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. 'गॅसवरचा आंबा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी सांगतो, तुमच्या आजीच्या पलंगाखाली पण तोच गॅस आहे, फक्त त्याचं बिल येत नाही.

मधेमधे दार उघडून चेंबरची हवा बदलावी लागते. आंबे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठला की पिकणं रेंगाळतं. हे वडिलांनी शिकवलं. कारण त्यांनाही माहीत नव्हतं, पण दार वेळेवर उघडायचे.

कार्बाइडची पुडी ही वेगळी भानगड. त्यावर बंदी आहे. तसला आंबा वरून हळदीसारखा पिवळा आणि कापला की बाठीपाशी पांढरा, आंबट. गिऱ्हाईक एकदाच फसतं.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.२०

फिरून आलो, चहा व्हायचाय, तोवर लिहितो. ऐरोलीत आज हवा छान आहे.

आजींचं 'वास आहे ना' हे उत्तर पुस्तकातल्या वाक्यापेक्षा चांगलं आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह नावाचा एक विद्यार्थी होता. प्रयोगशाळेत वाढवलेली वाटाण्याची रोपं आखूड, जाड आणि आडवी वाढतात, बाहेरच्या हवेत मात्र सरळ, हे त्याच्या लक्षात आलं. खोलीतल्या हवेत दिव्याच्या गॅसचे अंश होते. त्या गॅसमधला नेमका इथिलीनच हा उद्योग करतो, हे त्याने १९०१ मध्ये दाखवलं. फळं स्वतःच इथिलीन तयार करतात हे सिद्ध व्हायला १९३४ उजाडलं. ते काम इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर केलं.

आता 'कळतं कसं'. इथिलीन म्हणजे दोन कार्बन, चार हायड्रोजन. इतका चिमुकला रेणू की पेशीच्या पटलातून सहज आत शिरतो. आत त्याच्यासाठी एक प्रथिन असतं. मराठीत ग्राही, हल्लीची मुलं रिसेप्टर म्हणतात. या ग्राहीत तांबं असतं, इथिलीन जाऊन त्याला चिकटतं. आता चिऊला सांगा, गंमत इथे आहे. इथिलीन नसतं तेव्हा हा ग्राही रिकामटेकडा बसलेला नसतो. तो ब्रेक दाबून धरून असतो: पिकायचं नाही, पिकायचं नाही. इथिलीन चिकटलं की ब्रेकवरचा पाय उठतो. मग एका प्रथिनाचा तुकडा सुटून केंद्रकात जातो आणि इतके दिवस गप्प असलेली जनुकं कामाला लागतात. कुणी पेशीभित्तिका मऊ करणारं विकर (एन्झाइम) बनवतं, कुणी पिष्टाची (स्टार्चची) साखर करणारं, कुणी सालीतलं हरितद्रव्य मोडणारं. याच जनुकांत खुद्द इथिलीन बनवणारीही असतात. म्हणून पिकू लागलेला आंबा आणखी इथिलीन सोडतो, त्याने शेजारचा सुटतो, मग त्याच्या पलीकडचा.

डागी आंबा आजी बाजूला काढतात त्यालाही कारण आहे. खरचटलेलं, चेचलेलं फळ जास्त इथिलीन सोडतं. नासका आंबा सगळी अढी नासवतो ही म्हण कुणी प्रयोगशाळेत बसून केलेली नाही. (नासण्यात बुरशीचाही वाटा असतो, पण म्हणीला तेवढी सूट देऊ.)

कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनचा मावसभाऊ, त्याच ग्राहीत बसतो, पण ढिला बसतो. शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून बंदी.

चहा आला.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९.१२

सर, माहिती उत्तम. पण 'कळतं', 'बोलतात', 'संदेश' ही भाषाच मला फसवी वाटते. चावी फिरवली की स्कूटर सुरू होते. म्हणून चावी स्कूटरशी बोलली असं आपण म्हणतो का? रेणू चिकटला, प्रथिनाचा आकार बदलला, पुढचं यंत्र फिरलं. विषय संपला. उगाच आंब्यांची गप्पाष्टकं कशाला?

चहाबाज | मंगळवार, सकाळी ९.२०

माझ्या स्कूटरशी मला बोलावंच लागतं. पावसाळ्यात तर हात जोडून.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२.४५

शंकासुर, अर्ध मान्य. रेणूत मजकूर नसतो. इथिलीनवर 'पिका' असं काही कोरलेलं नाही. पण तुमची चावीची उपमा एका ठिकाणी मोडते, ती कुठे ते सांगतो.

१९२१, ऑस्ट्रियातलं ग्राट्स शहर. चेतातंतू हृदयाला नेमकं काय देतात, वीज की काही रसायन, यावर तेव्हा वाद होता. ओटो लोवी यांना झोपेत एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन कागदावर खरडला आणि सकाळी त्यांना स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचलं, तेव्हा गृहस्थ झोपायच्या भानगडीत न पडता तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याला जोडलेली व्हेगस चेता उद्दीपित केली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाचं द्रावण काढून दुसऱ्याला दिलं. या दुसऱ्याची चेता उद्दीपित केलेली नव्हती, तरी त्याचे ठोकेही मंदावले. म्हणजे चेतेने द्रावणात काहीतरी सोडलं होतं. ते पुढे ॲसिटिलकोलीन निघालं. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून.

आता बघा. हेच ॲसिटिलकोलीन हृदयावर पडलं तर हृदय मंदावतं आणि दंडाच्या स्नायूवर पडलं तर स्नायू आकसतो. रेणू तोच. तुमची चावी एका दाराला लावली तर दार उघडतं, दुसऱ्याला लावली तर तेच दार बंद होतं आणि तिसऱ्याला लावली तर स्वयंपाकघरातला दिवा लागतो, अशी चावी आहे का कुठे? सगळं ठरतं ते ऐकणाऱ्या पेशीकडे कुठला ग्राही आहे आणि त्याच्यामागे काय जोडलेलं आहे यावर. शब्द मुका, अर्थ ऐकणाऱ्याचा. म्हणून मला 'बोलणं' हा शब्द चालतो. आपल्या बोलण्यातही अर्थ असाच असतो. 'बघतो' म्हटल्यावर ठेकेदाराला एक कळतं, बायकोला दुसरं.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १.०२

ठेकेदार पटला. बाकीचं विचाराधीन.

नीट_की_सीईटी | मंगळवार, दुपारी ४.३०

सर, बारावीला आहे. एंडोक्राइन, पॅराक्राइन, ऑटोक्राइन, जक्स्टाक्राइन ही पेशींच्या निरोपांच्या प्रकारांची चार नावं दर वेळी उलटसुलट होतात. काही युक्ती आहे का पाठांतराची?

नेरूळची_सिस्टर | मंगळवार, रात्री ८.५०

वाचत होते, आता लिहितेच. मी ठाण्यात वॉर्डवर काम करते, रोज नेरूळहून ये-जा. पाठांतर नको, ठाणे स्टेशनवर उभी राहा.

स्पीकरवर सांगतात, कल्याण स्लो आज दोनऐवजी चारवर. हे फलाटावर सगळ्यांच्या कानावर जातं. चहावाल्याच्या, हमालाच्या, वाशीला निघालेल्या माझ्याही. पण जिन्याकडे पळत सुटतात ते फक्त कल्याणवाले. रक्तात सोडलेलं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, असं असतं. पोचतं सगळीकडे, हलतात त्याच पेशी ज्यांच्याकडे त्याचा रिसेप्टर आहे. हे एंडोक्राइन. बाकावर शेजारणीला हळूच सांगितलं की पुढच्या डब्यात जागा आहे, तर ते चार जणींपलीकडे जात नाही, ते पॅराक्राइन. आणि काही न बोलता कोपर टेकवून चौथी सीट मागितली, तर अंगाला अंग लागल्याशिवाय तो निरोप जातच नाही. ते जक्स्टाक्राइन. स्वतःशीच पुटपुटणारे काका प्रत्येक डब्यात एक असतातच, ते ऑटोक्राइन.

मास्तरांनी म्हटलं तसं एकच रेणू आणि वेगवेगळे अर्थ, हे मी ड्युटीवर डोळ्यांनी बघते. जोराची ॲलर्जी उठलेला पेशंट येतो. ओठ सुजलेले, छातीत शिट्टी, बीपी लागत नाही. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. तो एकच रेणू श्वासनलिकांचे स्नायू सैल करतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि हृदयाला पळवतो. एकीकडे सैल, दुसरीकडे घट्ट. रिसेप्टर वेगळे म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवी होते. दोन मिनिटांपूर्वी घशावर हात धरून बसलेला माणूस "चप्पल कुठंय माझी" म्हणाला आणि मला रडूच आलं.

चहाबाज | मंगळवार, रात्री ९.१५

आमच्या चहाचं पण सांगा की. त्यातही रेणू असतील.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री ९.४०

असतात. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं, त्याच्या ग्राहींवर ते बसलं की पेंग येते. चहातलं कॅफिन त्याच ग्राहीवर जाऊन बसतं, पण करत काहीच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसं. रुमाल प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही. औषधांच्या दुकानातली निम्मी हुशारी ही रुमाल टाकण्याचीच आहे. सर्दीला घेतलेली सेट्रिझिन शिंका आणणाऱ्या हिस्टामिनच्या जागेवर पडते. सफरचंदं महिनोन्‌महिने टिकवायला शीतगृहात एक वायू सोडतात, तोही इथिलीनच्या ग्राहीवर रुमाल टाकतो.

गाळा_नंबर_विचारू_नका | मंगळवार, रात्री ९.५५

सर, आता कळलं! सिमल्याची सफरचंदं एवढी ताजी कशी राहतात म्हणून गिऱ्हाईक विचारतं, त्याला उद्यापासून रुमालच सांगतो.

शंकासुर | बुधवार, सकाळी ७.३०

जरा घरगुती प्रश्न. बाबांना साखर आहे, टाइप टू. डॉक्टर म्हणाले, 'इन्सुलिन आहे, पण काम करत नाही.' मी तेव्हा मान डोलावली आणि बाहेर आलो. आता मास्तरांचं वाचून वाटतंय की हे ऐकणाऱ्या पेशीचं प्रकरण असावं. बरोबर का?

नेरूळची_सिस्टर | बुधवार, सकाळी ८.०५

अगदी बरोबर. इन्सुलिन स्वादुपिंडातून निघतं. ५१ अमिनो आम्लांचा रेणू, इथिलीनपुढे हत्तीच. पेशीत शिरत नाही, बाहेरूनच रिसेप्टरला चिकटतं. चिकटल्यावर निरोप आत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजची दारं आत गुंडाळून ठेवलेली असतात, छोट्या पिशव्यांत. निरोप पोचला की त्या पिशव्या वर येऊन पटलाला मिळतात, दारं पृष्ठभागावर लागतात आणि साखर आत जाते. टाइप टूमध्ये दार ठोठावणारा असतो, पण आतली साखळी मंद झालेली असते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, म्हणजे आणखी जोरात ठोठावतं. असं काही वर्षं चालतं आणि मग तेही दमतं.

एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगते. स्नायू वापरला की हीच दारं इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. जेवणानंतर चालायला सांगतात ते उगाच नाही. बाबांना सोसायटीतच चकरा मारायला न्या. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, इथे कुणी काही लिहिलं तरी.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८.२०

काल जेवून लगेच आडवे झाले होते. आज नेतो. आभार, सिस्टर.

तलावपाळीची_ताई | बुधवार, रात्री १०.१०

सगळं चिऊला वाचून दाखवते आहे. स्टेशनचं इतकं आवडलं की आता घरात कुणी हाक मारली की 'माझ्याकडे रिसेप्टर नाही' असं उत्तर येतं. भांडी घासायच्या वेळी विशेषतः.

तिचा पुढचा प्रश्न: निरोप दिला, काम झालं. पण मग थांबवतं कोण? आंबा तर थांबतच नाही, पिकतो आणि नासतो. आपण का नासत नाही?

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ६.४०

मुलीला माझ्याकडून शाबासकी. पस्तीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न मोजून दोनदा आला.

फळाला थांबायचं नसतंच. त्याचा हेतू पिकून, खाल्लं जाऊन बी पसरणं. आपल्याकडे मात्र प्रत्येक निरोपामागे तो पुसणारा हवा. ॲसिटिलकोलीन स्नायूपाशी पडलं की तिथलंच एक विकर काही सहस्रांश सेकंदांत ते तोडून टाकतं. नाहीतर मूठ वळली की वळलेलीच राहील. शेतात फवारायची काही कीटकनाशकं नेमकं हेच विकर बंद पाडतात. म्हणून विषबाधा झालेल्याच्या तोंडाला लाळ सुटते, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. विष म्हणजे तिथे नवीन काही नसतं, आपलाच निरोप न पुसला गेलेला. रक्तातलं इन्सुलिनही काही मिनिटांतच निम्मं होतं. नायट्रिक ऑक्साइड तर काही सेकंदांचा सोबती. हा वायू रक्तवाहिनीच्या अस्तरातून निघतो, शेजारच्या स्नायूला सैल करतो आणि संपतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी शेवटी हाच वायू देते. ज्या नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटकांवर आल्फ्रेड नोबेल यांनी पैसा केला, तेच त्यांना म्हातारपणी हृदयासाठी लिहून दिलं गेलं होतं. आणि हा वायू निरोप्या असतो हे शोधणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये नोबेल यांच्याच नावाचं पारितोषिक मिळालं.

न थांबलेल्या निरोपाचं मला माहीत असलेलं सर्वांत भयंकर उदाहरण मात्र आपल्याकडचं आहे. पटकी, म्हणजे कॉलरा.

अनेक ग्राही निरोप आत नेताना एक खटका दाबतात, जी-प्रोटीन. हा खटका हुशार आहे, थोड्या वेळाने आपला आपणच बंद होतो. तो चालू असेपर्यंत आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होत राहतो. बाहेरचा निरोप्या दारातच राहतो, आत धावपळ करतो तो हा. अर्ल सदरलँड यांनी तो शोधला, १९७१ चं नोबेल त्यांचं. आता कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशीत शिरतं आणि या खटक्याची बंद व्हायची सोयच मोडून टाकतं. खटका चालूच. सायक्लिक एएमपी वाढतच जातं, क्लोराइडची दारं उघडी राहतात, क्षार आतड्यात ओतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी. जंतू आतड्याला भोकं पाडत नाही. भिंत शाबूत असते, फक्त तिने एक आज्ञा ऐकलेली असते आणि ती संपत नाही.

रोग जंतूच्या शरीरातून नाही, त्याने सोडलेल्या विषातून होतो, हे दाखवलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रावण त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातलं आणि तो तुकडा पाण्याने फुगला. १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. इतकं मोठं काम, पण आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असतं? माझ्या वर्गात मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. पुस्तकात नव्हतं, तरी लिहायचो.

नेरूळची_सिस्टर | गुरुवार, दुपारी २.१५

सर, पुढचं मी पूर्ण करू? खटका अडकला तरी आतड्यात आणखी एक दार असतं, सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं. ते या विषाने बिघडत नाही. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसतं मीठ घालूनही नाही. मीठ आणि साखर दोन्ही हवं, योग्य प्रमाणात, की त्यांच्यामागे पाणीही आत येतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण पिंपांतून वाटलं, नातेवाइकांनीच पेशंटना पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. ओआरएसची पुडी फोडताना मला दर वेळी ती पिंपं आठवतात, जरी मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

शंकासुर | गुरुवार, दुपारी ३.००

सदरलँड यांचं नोबेल आणि बनगाव, दोन्ही १९७१. एक जण खटक्यामागचा रेणू शोधल्याबद्दल मानाने उभा, दुसरा चिखलात उभा राहून अडकलेल्या खटक्याला वळसा घालतोय.

मी माझा आक्षेप मागे घेत नाही, पण बदलतो. 'पेशी बोलतात' म्हणा हवं तर. पण मग 'पेशी ऐकणं थांबवतात' हेही त्याच ओळीत छापा. चिऊच्या पुस्तकात ते नाही.

तलावपाळीची_ताई | गुरुवार, रात्री ११.००

आता प्रयोगाचं सांगते. मंगळवारी संध्याकाळीच सुरू केलाय. आईच्या अढीतून सहा आंबे मागून घेतले (मागून म्हणजे वाटाघाटी करून). दोन कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत, दोन नुसत्या पिशवीत, दोन उघड्यावर फळीवर. आणि चिऊच्या हट्टाने चार हिरवी लिंबं, दोन केळ्याच्या पिशवीत, दोन बाहेर. लिंबांचं काय होईल, अंदाज सांगा.

नीट_की_सीईटी | गुरुवार, रात्री ११.१०

काहीच नाही. लिंबूवर्गीय फळं नॉन-क्लायमॅक्टेरिक. झाडावरून काढली की पिकत नाहीत. द्राक्षं, डाळिंबं तशीच. हा प्रश्न येऊन गेलाय.

शंकासुर | गुरुवार, रात्री ११.१५

मीही 'काहीच नाही'वर. दोन कटिंग चहाची पैज.

गाळा_नंबर_विचारू_नका | शुक्रवार, पहाटे ४.५०

पैज घेतली. लिंबाच्या गोणीशेजारी केळी ठेवून बघितलीत का कधी? मी बघितलीत.

तलावपाळीची_ताई | सोमवार, रात्री ९.३०

निकाल. केळ्यासोबतचे दोन्ही आंबे शनिवारी तयार झाले, देठापाशी दाबल्यावर बोट जरा आत जातंय, घरभर वास. नुसत्या पिशवीतले आज होत आले आहेत. फळीवरचे अजून कडक, एकाच्या खांद्यावर थोडा पिवळा. आईच्या अढीतले शनिवार-रविवारपासून एकेक निघताहेत. म्हणजे तिचा पेंढा आमच्या केळ्याच्या फार मागे नाही, हे ती दिवसातून तीनदा सांगते आहे.

आणि लिंबं. बाहेरची दोन हिरवीच, किंचित उतरलेली. पिशवीतली दोन पिवळीधमक. चिऊने फोटो काढला आणि ओरडतच स्वयंपाकघरात आली. मग चारही कापली, चाखली. माझ्या जिभेला काहीही फरक नाही. पिवळी लिंबं हिरव्यांइतकीच आंबट.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री १०.००

गाळ्याचे मालक जिंकले. मी गप्प बसलो होतो, पण माझाही अंदाज चुकलाच असता. लिंबाच्या सालीला इथिलीन ऐकू येतं, हरितद्रव्य मोडतं. संत्र्या-मोसंब्यांची साल पिवळी करायला व्यापारी हे मुद्दाम करतात. आतल्या फोडींना मात्र त्याचं सोयरसुतक नाही. तिथे साखर करायला पिष्टच साठवलेलं नसतं. नीटवाल्या बाळा, तुझं उत्तर परीक्षेत बरोबरच आहे, तेच लिही.

शंकासुर | सोमवार, रात्री १०.२०

एकाच लिंबात साल ऐकते आणि फोड ऐकत नाही. पैज हरलो. दोन कटिंग, ठाणे स्टेशन पश्चिम, शनिवारी सकाळी. बाबाही येतील, स्टेशनपर्यंत लोकलने आणि परत येताना घणसोलीला उतरून चालत. आठवड्यात एक दिवस चुकला फक्त.

गाळा_नंबर_विचारू_नका | मंगळवार, पहाटे ४.४०

शनिवारी मला गाळा सोडता येत नाही. चहा चहाबाजांना पाजा, माझ्या नावाने.

तलावपाळीची_ताई | मंगळवार, सकाळी ७.४५

कापलेल्या चार लिंबांचं आईने रात्रीच सरबत केलं. अढीत बेचाळीस उरलेत. नवऱ्याने जाहीर केलंय की पुढची पेटी तो आणणार नाही.